गुरुजींचं सव्यापसव्य

बरणीचं झाकण घट्ट बसलं की मी अजूनही तोंडातल्या तोंडात "अपसव्य, अपसव्य" म्हणते. नवरा विचारतो, श्राद्ध घालतेस की लोणचं काढतेस? आता त्याला कुठून सुरुवात करून सांगायचं! ही सवय मला पारनेरच्या नरहरी गुरुजींनी लावली. त्यांच्याकडून मी ना वेद शिकले ना पूजा. बँकेनं नगरहून पारनेरला बदली केली म्हणून त्यांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली, सोमवार ते शुक्रवार तिथं राहिले आणि सज्जात चहा पीत पीत त्यांची मोटारसायकल दुरुस्त होताना पाहिली, इतकंच.

गुरुजी साठीच्या पुढचे. उंच, सडपातळ, कानांवर भरपूर केस आणि डोक्यावर जेमतेम. पूजेला बसले की आवाज असा लागायचा की गल्लीच्या टोकाला कळावं; घरात मात्र दोन फुटांवरून बोलले तरी "काय म्हणालात?" असं विचारावं लागे. आणि माणूस कमालीचा सावकाश. "आधी मांडणी, मग करणी," हे त्यांचं ब्रीद. दाढी करायची तरी वाटी, ब्रश, वस्तरा, तुरटी अशी ओळ लावून झाल्याशिवाय ते आरशासमोर बसत नसत. शालिनीकाकू म्हणायच्या, "ह्यांना शिंक आली ना, तरी आधी रुमाल मांडतील, मग शिंकतील."

काकू बरोबर उलट्या. ठेंगण्या, चटपटीत, जिभेला हाड नाही आणि मनात काही नाही. एका वेळी कुकर, देवपूजा आणि शेजारणीशी भांडण, तिन्ही आघाड्या सांभाळणाऱ्या. त्यांचा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नसे. वाढताना त्या ताटाच्या अगदी जवळ येऊन वाढायच्या, आणि वरच्या फळीवरचा डबा हवा असला की मला हाक मारायच्या. हाताला काय झालं हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही बरेच दिवस सांगितलं नाही.

भिक्षुकी म्हणजे पायाला भिंगरी. पारनेरच्या वरच्या अंगाला पठारावर वाड्यावस्त्या विखुरलेल्या; कुणाची वास्तुशांत, कुणाचा सत्यनारायण, कुणाच्या विहिरीचं पूजन. पूजा असली की सकाळी दारात गाडी हजर. गुरुजींना अगदी पुढच्या सीटवर बसवून नेत. पण एकदा आरती झाली, प्रसाद वाटला गेला, पंगत उठली, की ह्या माणसाला परत सोडायचंय हे कुणाच्या ध्यानात राहत नसे. "आणायला वरात, सोडायला कुणी नाही दारात," असं काकूंनी त्यावर जुळवूनच ठेवलं होतं.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. बबनराव म्हणून आमच्या बँकेचे खातेदार, पठारावर नवं घर बांधलेलं. वास्तुशांतीला मलाही बोलावणं होतं. मी स्कूटरवरून उशिरानं पोचले, जेवले, घर पाहिलं, गच्चीवरून पलीकडच्या पवनचक्क्या पाहिल्या आणि निघताना बघते तर मांडवाच्या कडेला कांद्याच्या गोणीवर गुरुजी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.

"बसा की गुरुजी जरासं," बबनराव लगबगीनं जाता जाता म्हणाले. "पोरगं गेलंय पाव्हन्यांना स्टँडवर सोडाया. आलंच बगा."

"बसलोय की," गुरुजी म्हणाले. ते केव्हाचे बसलेलेच होते.

मी त्यांना स्कूटरवर घेतलं. बाईमाणसाच्या मागं बसायचं म्हणून बिचाऱ्यांनी मध्ये पिशवी उभी धरली आणि प्रत्येक गतिरोधकावर काहीतरी पुटपुटले. घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून काकू बसल्या होत्या. चेहरा घामानं डबडबलेला, हात थरथरत होते. शुगरची गोळी घेतलेली आणि पोटात अन्नाचा कण नाही. नवरा आल्याशिवाय जेवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

जो माणूस पळीसुद्धा जागच्या जागी ठेवायचा, त्यानं हातातली पिशवी तिथंच टाकली. सुपाऱ्या, बदाम, हळकुंडं सगळीकडे पसरली. गुरुजींनी गुळाचा खडा काकूंच्या तोंडात घातला आणि त्यांचं डोकं खांद्यावर धरून बसले. काकूंना जरा हुशारी आली तशी पहिली वाक्यं आली, "मॅडमना चहा विचारा. आणि त्या सुपाऱ्या गोळा करा, पायाखाली येतील."

मी चिडले. म्हटलं, "काकू, हे काय वेड? गोळी घेतली की जेवून घ्यायचं सरळ!"

"एकटीनं जेवायला बसलं की मला खानावळीत बसल्यासारखं वाटतं गं," त्या म्हणाल्या. गुरुजी मात्र सुपाऱ्या गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात खुडबुड ऐकू आली. मागं एक गोठा होता, गाय केव्हाच गेलेली. गुरुजी त्यातली पोती उपसत होते. पोत्यांखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली मोटारसायकल. जुन्या पद्धतीची, दोन स्ट्रोकची, टाकीवरचा मूळ रंग कोणता हे सांगता न येणारी. सीटचा फोम उंदरांनी नेला होता आणि मोबदल्यात सायलेन्सरमध्ये शेंगांची टरफलं भरून ठेवली होती.

काकू दारात आल्या. "ही अवदसा कशाला बाहेर काढलीत?"

"नुसती पुसतोय."

"पुसायला पाना कशाला लागतो?"

गुरुजींनी पाना हळूच धोतराच्या सोग्याखाली सरकवला.

खरं तर स्टँडजवळ हमीदभाईंचं गॅरेज होतं. माझी स्कूटर नुसती शिंकली तरी मी तिकडं धाव घ्यायची. मी त्यांना घरी पाठवून दिलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गुरुजी, कशाला जिवाला त्रास? द्या की लावून गॅरेजला. करून देतो मी."

"हमीदभाई, सत्यनारायण दुसऱ्याकडून सांगून घेता येतो," गुरुजी म्हणाले. "प्रायश्चित्त ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं. तुम्ही फक्त मंत्र सांगा."

हमीदभाईंना यातलं प्रायश्चित्त कळलं नाही, मलाही नाही. पण मंत्र सांगायला ते अधूनमधून यायला लागले. चहा काकूंचा उत्तम असे.

मग सकाळची पूजा आटोपली, बाहेर कुठं जायचं नसलं, की गुरुजी जुना पंचा नेसून गाडीपाशी बसायचे. काकू येता-जाता म्हणायच्या, "कशाला हे सव्यापसव्य! बसनं जा, बसनं या." आपण सगळेच हा शब्द उठाठेव, नसता खटाटोप अशा अर्थानं वापरतो. गुरुजींनी तो अक्षरशः घेतला.

"सव्यापसव्यच आहे हे," मला सज्जात पाहून ते म्हणाले. "हे बघा ताई, देवाला प्रदक्षिणा घालतो तसा नट फिरवला की आवळतो. ते सव्य. आणि उलटा, पितरांच्या कार्यात फिरतो तसा फिरवला की सुटतो. ते अपसव्य. ही विद्या आपल्याकडं होतीच, नट तेवढे नव्हते."

तेव्हापासून अंगणातून "सव्य... सव्य... पुरे" किंवा "अपसव्य... अजून थोडं अपसव्य..." असं ऐकू यायचं. शेजारच्यांना वाटे, गुरुजींकडं रोजचं कुणाचं ना कुणाचं श्राद्ध चाललंय.

गाडीला ते 'यजमान' म्हणायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पूजेत गुरुजींनी नुसतं सांगायचं असतं. हात हलवायचा यजमानानं. इथं मी सांगून सांगून थकलो, यजमान हलायला तयार नाहीत."

यजमान हलत नव्हते, कारण आतला पिस्टन जाम झाला होता. किकवर उभं राहिलं तरी ती खाली जाईना. हमीदभाईंनी प्लगच्या भोकातून डिझेल सोडून ठेवायला सांगितलं. गुरुजींनी त्याचा रोजचा अभिषेक केला, पळीनं, थेंब थेंब. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक दोन्ही हातांनी जरा पुढं, जरा मागं असं हलवत बसायचं. मला वाटायचं, ह्यापेक्षा एक सणसणीत लाथ का घालत नाहीत? बबनराव एकदा मुहूर्त विचारायला आले होते, तेही म्हणाले, "सरका गुरुजी, मी देतो एक हिसका. लई तालीम केलीय मी."

"नको नको!" गुरुजी चाकाच्या आडवेच झाले. "महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालता का तुम्ही?"

"न्हाई. पन्हाळीपाशी जायचं आन माघारी फिरायचं."

"मग हेही तसंच. अडलं की रेटायचं नाही. अडलं तिथून मागं यायचं, पुन्हा जायचं. वाट होते आपली आपण."

बबनरावांना काय पटलं कोण जाणे, पण ते हात जोडून मागं सरले. आणि खरंच, रोज ते चाक कणभर जास्त सरकायचं. एका सकाळी ते पूर्ण फिरलं. मी सज्जातून टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, हात धुतले, आत जाऊन काकूंना म्हणाले, "आज एक पोळी जास्त करा."

टाकी आतून गंजली होती. त्यात नाक खुपसून गुरुजी उदास बसले असताना काकूंनी दारातूनच चिंचेच्या कोळाचं पातेलं पुढं सरकवलं. "देवाची भांडी कशानं निघतात? तीच अक्कल इथं वापरा." त्यात बारीक खडे टाकून टाकी दोन दिवस घुसळली. आतून तांबडंलाल पाणी निघालं आणि मग पत्रा उजळला. "मी त्या अवदसेला हात लावणार नाही," काकूंनी जाहीर केलं. "चिंच फार झाली होती घरात, म्हणून दिली."

कार्ब्युरेटर उघडला तेव्हा तर मी जिना उतरून खालीच आले. गुरुजींनी समोर पत्रावळ मांडली होती आणि त्यावर एकेक भाग वाढला होता. अगदी वाढलाच होता! वर मधोमध मिठाच्या जागी बारीक स्क्रू, लिंबाच्या जागी जेट, डावीकडं चटणी-कोशिंबिरीच्या जागी वॉशर आणि स्प्रिंगा, उजवीकडं भाजीच्या जागी सुई, मध्ये भाताच्या जागी पितळी फ्लोट. "पानात काय कुठं वाढायचं हे मी झोपेतही चुकणार नाही," ते म्हणाले. "मग जोडताना तरी का चुकेन?" जेटचं भोक त्यांनी दर्भाच्या काडीनं साफ केलं. पण दुपारी काकूंनी अंगण झाडलं आणि पान उचलून पुन्हा ठेवताना उलटं ठेवलं. कोशिंबीर उजवीकडं आली, भाजी डावीकडं. गुरुजींनी श्रद्धेनं सगळं जोडलं आणि शेवटी पानात एक वॉशर उरला.

"उरलं ते गाईला घाला," काकू आतून म्हणाल्या. मग सगळं पुन्हा उघडून पहिल्यापासून.

ह्या सगळ्यात गुरुजी एकदाच चिडलेले मी पाहिले. क्लचच्या प्लेटा काढायच्या होत्या, मधला मोठा नट सुटत नव्हता. अपसव्य फिरवून झालं, पाना बदलून झाला, पान्याला नळीचा तुकडा जोडून जोर लावून झाला. अडलं की मागं यायचं वगैरे सगळं विसरून गुरुजी त्या नटावर तुटून पडले. शेवटी पाना सटकला आणि त्यांच्या बोटांची सालटी निघाली. नेमके हमीदभाई तेव्हा आले.

"आवो गुरुजी, थांबा, थांबा! डावा आटा हाय त्याला."

"म्हणजे?"

"उलटा. सगळे नट ज्या बाजूनं सुटत्यात, त्या बाजूनं ह्यो आवळतो. तुमी सकाळधरनं सोडताय न्हवं, आवळताय त्याला!"

गुरुजी रक्ताळलेली बोटं तशीच धरून नटाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ह्यांचा धीर सुटणार. पण चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की हमीदभाईसुद्धा चक्रावले.

"म्हणजे हा पितरांचा नट!" गुरुजी म्हणाले. "ह्याचं कार्य अपसव्यानं सिद्धीला जातं. असणारच. असायलाच हवा एक तरी." त्यांनी नट सव्य फिरवला. खुटकन आवाज झाला आणि तो सुटला. नवीन प्लेटा बसवून तो परत आवळायची वेळ आली तेव्हा त्यांनी जानवं डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घेतलं, नट अपसव्य आवळला आणि जानवं पुन्हा पूर्ववत केलं. थट्टा म्हणून नव्हे, अगदी मनापासून. हमीदभाई तेवढा वेळ टोपी सारखी करून उभे राहिले.

त्या संध्याकाळी काकू गुरुजींच्या बोटांना हळद लावून वर माझ्याकडं आल्या. गुरुजी देवळात गेले होते. काकू खुर्चीत टेकल्या आणि आपणहून बोलायला लागल्या.

"त्या गाडीला साडी गार्ड होता. मागच्या चाकाला असतो ना जाळीसारखा, तो. वाजायचा सारखा खडखड. ह्यांचा कान तुला माहितीय, बेसूर काही सहन होत नाही. एक दिवस काढूनच टाकला. म्हणाले, नीट करून बसवतो. ह्यांचं नीट म्हणजे तुला ठाऊक आहेच, आधी मांडणी. भाऊबीजेला माहेरी निघालो होतो. नवीन साडी, पदर मोठा. गेला चाकात." त्या थांबल्या. "चाक थांबलं गं, मी नाही थांबले."

मी त्यांच्या हाताकडं पाहिलं.

"कोपराचा चुरा झाला होता. त्यातून एवढा नीट झाला, देवाची दया. पण दवाखान्यात हे माझ्याशी बोलेचनात. मी म्हटलं, पडले मी आणि रुसले हे! मग कळलं, तोंड दाखवायला जागा नव्हती त्यांना. घरी आलो तर गाडी गोठ्यात. पोरीचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट ही. त्यावर आम्ही दोघं अजून एक शब्द बोललेलो नाही."

मला एकदम ते 'प्रायश्चित्त' आठवलं. म्हटलं, "मग गाडी दुरुस्त झाली तर तुम्ही बसणार?"

"छे! ह्यांनी जावं, वेळेवर यावं, दोन घास माझ्याबरोबर खावेत. मी कशाला बसतेय त्या अवदसेवर!" आणि पदर खोचून त्या उतरून गेल्या. पण मला आता ठाऊक झालं होतं की गुरुजी नट कुणासाठी आवळतायत. गाडी चालू होणं ही अर्धीच प्रदक्षिणा होती.

चालू करायच्या दिवशी हमीदभाई मुद्दाम आले. गुरुजींनी हँडलला फूल वाहिलं, नारळ फोडला आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. हमीदभाईंनी मारली. प्लग काढून पुसून झाला. दोघांचेही सदरे घामानं भिजले. गुरुजी सावलीत जाऊन बसले, तोंड एवढंसं झालेलं.

काकू दारात उभ्या होत्या, हातात लाटणं. "पेट्रोलची तोटी उघडलीत का?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तोटी बंद होती. सगळी पूजा झाली होती, देव मांडायचाच राहिला होता. गुरुजींनी तोटी उघडली, दोन किकमध्ये गाडी खोकली, मग पेटली, आणि टरफलांच्या सात पिढ्यांचा धूर गल्लीभर झाला. "प्राणप्रतिष्ठा झाली!" गुरुजी धुरातून ओरडले. इतक्या मोठ्यानं घरात बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. काकू पदर नाकाला लावून खोकत होत्या. पदराआड त्या हसतही होत्या.

कागदपत्रं, नगरला जाऊन पासिंग वगैरे सगळं यथासांग झालं आणि गुरुजी गाडीवरून पूजेला जायला लागले. मागच्या सीटवर साहित्याची पिशवी बांधलेली. आरती झाली की कुणी विचारी, "गुरुजी, कुनाला सांगू सोडाया?" तर हे म्हणत, "नको, माझे यजमान बाहेर उभे आहेत." तो माणूस बावचळून बाहेर बघायला जाई. जेवणाच्या वेळेला गुरुजी घरात असत. मी सुट्टीच्या दिवशी कधी तिथंच असले तर खालून ताटं मांडल्याचा आवाज आणि काकूंची बडबड वर ऐकू येई. मला फार बरं वाटे.

मग त्यांनी आवाज शोधायला घेतले. "मडगार्ड पंचमात रडतोय," म्हणत मडगार्डखाली ट्यूबचा रबर घातला. चेनचं झाकण, नंबरप्लेट, मागचा दिवा, जे जे थरथरत होतं ते ते गप्प केलं. गाडी इतकी शहाण्यासारखी चालायला लागली की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्यामागं लागायची थांबली.

सगळ्यात शेवटी त्यांनी माळ्यावरून जुना साडी गार्ड काढला. हमीदभाईंकडून त्याचा तुटका कान जोडून आणला, तो घासला, रंगवला आणि एका सकाळी न बोलता बसवला. गाडी चालू करून पाहिली. खडखड, खडखड. गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि रबराचा तुकडा कापायला घेतला. तेवढ्यात काकू बाहेर आल्या, हात कणकेचे. त्या खाली वाकल्या आणि त्या वाकड्या हातानं साडी गार्ड धरून जोरात ओढला. एकदा. पुन्हा एकदा. तो जागचा हलला नाही.

"वाजतोय," काकू म्हणाल्या.

"रबर घालतो. थांबेल."

"राहू दे. वाजला म्हणजे आहे, हे कळतं." आणि त्या आत गेल्या.

गुरुजी रबराचा तुकडा हातात घेऊन तिथंच बसून राहिले. डोळे भरून आले होते. मी सज्जातून मागं सरले.

पण काकू बसल्या नाहीत. आठवडे गेले. रोज सकाळी गुरुजी मागची सीट फडक्यानं पुसायचे आणि तिच्यावर पिशवी बांधून निघायचे. मला राहवेना. एकदा म्हटलंच, "गुरुजी, एकदा विचारून तर बघा काकूंना!"

"अडलं की रेटायचं नाही, ताई," ते म्हणाले आणि किक मारली.

माझी बदली झाली, परत नगरला. निघायच्या दिवशी टेम्पो दारात, सामान चढलेलं. मी नमस्कार करायला आत जाणार, तर काकूच बाहेर आल्या. हिरवी साडी, केसात अबोलीचा गजरा. म्हणाल्या, "अगं, तू निघालीस म्हणून थांबले होते. बबनरावांच्या सुनेचं डोहाळजेवण आहे, मलाही जायचंय."

"कशानं जाणार?" मी विचारलं.

"बस कुठंय ह्या वेळेला?" काकू माझ्याकडं न बघता म्हणाल्या आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

गुरुजींनी हे ऐकलं आणि किक मारली ती चुकली. दुसरी मारली, गाडी नुसती गुरगुरली. पिशवी सीटवरून सोडवून हँडलला अडकवली, पुन्हा किक. छे.

"उताराला घ्या, मी ढकलते," काकू म्हणाल्या. मी आणि टेम्पोवाला धावेपर्यंत त्यांनी दोन्ही हात लावून गाडी ढकललीसुद्धा. गाडी घरासमोरच्या मोकळ्या पटांगणात उतरली, फटफट करून पेटली आणि गुरुजींना घेऊन पुढं निघाली. काकू मागंच राहिल्या, पटांगणाच्या मधोमध, हसत.

"अहो! मी राहिले की!"

"थांबलो तर बंद पडेल!" गुरुजी ओरडले. त्यांनी गाडी वळवली आणि काकूंच्या भोवती फिरवायला लागले. काकू त्यांच्या उजव्या हाताला. एक फेरी झाली. काकू जागच्या जागी वळत त्यांच्याकडं बघत होत्या.

"गुरुजी, क्लच दाबून रेस धरा की!" टेम्पोवाला ओरडला.

गुरुजींना हे ऐकू गेलं असणार, ते काही बहिरे नव्हते. त्यांनी आणखी एक फेरी घातली. मग आणखी एक.

काकू वळायच्या थांबल्या. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "माझा काय देव करताय? लोक बघतायत."

मग गुरुजींनी क्लच दाबला, रेस धरली आणि त्यांच्या अगदी शेजारी येऊन थांबले. गाडी बंद पडली नाही. काकूंनी पदर आणखी एकदा चाचपला, मागं बसल्या आणि गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. तोच, सरळ न होणारा. खांदा इतका जवळ होता की तो सरळ व्हायची गरजच नव्हती. मला हात हलवून निरोप द्यायचं दोघंही विसरले.

गाडी पठाराच्या रस्त्याला लागली, वळली, दिसेनाशी झाली. तरी खडखड ऐकू येत होती.

"गुरुजींच्या गाडीचं काहीतरी ढिलं झालंय," टेम्पोवाला दार लावत म्हणाला. "सांगाया पायजे कुनीतरी."

"नको," मी म्हटलं. "त्यांना माहितीय."